खाण संपली, बाग झाली, जमीन कोणाची?

(दिंद्रुड, जि. बीड येथील जमीन हक्क मेळाव्यातील भाषण)



आम्ही जंगलातल्या गावांची माणसं. तुमच्या गायरानाच्या लढ्याला साथ द्यायला दिंद्रुडला आलो. तुमच्या हातात २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, आमच्या हातात २००६ चा वनहक्क कायदा. कागद दोघांकडं आहे, पण सातबाऱ्यावर नाव यायची वाट पुष्कळजण अजून बघताहेत.

आज बोलायचंय ते खदानीवर. तुमच्याकडं कोळसा नाही, पण गायरानात खडी-मुरुमाच्या खदानी आहेत. ठेकेदार दगड नेतो, खड्डा गावाला ठेवतो. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, पोरं पोहायला उतरतात. कुणाचं लेकरू जातं, कुणाची म्हैस जाते. मग खाण संपल्यावर त्या जागेचं करायचं काय?

नागपूर जिल्ह्यात सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीनं खाणीच्या जागेत बाग केली. २०१६ पासून पर्यटन महामंडळाबरोबर तिथं सहली निघाल्या. लोक खोटी खाण बघतात, मग गोंडेगावची खरी उघडी खाण बघतात. झाडं लावली हे चांगलंच झालं. आम्ही झाडाच्या विरोधात कसे असू?

खाणीची माती मेलेली असते, हे कायमचं नसतं. सावनेर तालुक्यातच गुमगावला मँगनीजच्या खाणीतल्या दगडमातीचे ढीग पडले होते. नागपूरच्या नीरी संस्थेनं तिथं खड्डे करून माती आणि साखर कारखान्याची प्रेसमड घातली, मुळांना उपयोगी जिवाणू दिले, आणि झाडं उभी केली. प्रेसमड म्हणजे काय, हे बीडच्या ऊसतोड कामगाराला सांगायला नको. तेव्हा उद्या कुणी म्हणालं, "जमीन नापीक झाली, आता कशाला मागता?" तर त्याला गुमगाव दाखवा.

पण झाड जगलं म्हणजे न्याय झाला, असं नाही. कोळशाची जमीन १९५७ च्या वेगळ्या कायद्यानं घेतली जाते. कोळसा संपला तरी ती शेतकऱ्याकडं परत येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारनं धोरण केलं, की अशी जमीन दुसऱ्या प्रकल्पांना भाड्यानं द्यावी, मालकी सरकारी कंपनीकडंच ठेवावी. म्हणजे जमीन एकदा खाणीसाठी गेली, ती गेलीच. बागेला कुंपण आणि तिकीट लागलं, तर ज्याची जमीन तोच फाटकाबाहेर.

सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०२० ला सांगितलं, की खाणकाम संपल्यावर तिथं पुन्हा गवत लावा, जमीन चाऱ्याजोगी करा. ठीक. पण त्या गवतावर गुरं कुणाची चरणार? हे गावानंच ठरवलं पाहिजे.

गाव जंगल राखू शकतं का, असं साहेब विचारतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हाती आले. हेच आमचं उत्तर.

म्हणून गावागावांत ठराव करा. एक, खाण बंद करायचा आराखडा मराठीत मागा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. दोन, वरची सुपीक माती वेगळी रचून ठेवायला लावा. ती गेली तर सगळं गेलं. तीन, नुसती शोभेची झाडं नकोत. मोह, चारोळी, बांबू, चारा पाहिजे. गायरानात बाभूळ, कडुलिंब, गवत. चार, खड्ड्याच्या कडा उतरत्या करा, पाण्यापर्यंत वाट करा. पाच, बाग झाली तर राखणीचं काम, उत्पन्न आणि कारभार ग्रामसभेचा. कुंपण घालायचं असेल तर आधी गावाला विचारायचं.

हा ठराव खदान सुरू व्हायच्या आधी करा. खड्डा पडल्यावर आपलं कुणी ऐकत नाही.

खाण तुमची संपली, जमीन आमची राहिली! जिंदाबाद!