जुन्या मोटारीचा लाकडी डॅशबोर्ड

डोंबिवली स्थानकाकडून येणारा मानपाडा रस्ता कल्याण-शिळ रस्त्याला मिळतो. याच शिळ रस्त्यावर पूर्वी प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९९० नंतरच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ मोटारी जुळवल्या जात. त्यांचा डॅशबोर्ड, म्हणजे चालकासमोरची घड्याळांची फळी, प्लास्टिकचा. विलायतेत १९५९ ते १९६७ या काळात झालेल्या जॅग्वार मार्क टूची तऱ्हा निराळी. तिच्या फळीवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असे. कारागीर त्याला विनियर म्हणतात.

अशी एखादी गाडी दुरुस्तीला आली, तर आपल्याकडच्या कपाटे करणाऱ्या सुताराला हे काम जमेल का? जरूर जमेल. मात्र सनमायका बसवायचा रबरी गोंद त्याने बाजूला ठेवावा. तो लवकर धरतो खरा, पण सुकल्यावरही लवचीक राहतो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत फळी किती तापते, हे हात लावून पाहा! त्या उष्णतेत पापुद्रा सरकतो, फुगे येतात. जुना सरसही ऊब आणि ओल मिळाली की सैल पडतो, आणि आपल्या कोकणपट्टीत ओलीला काय तोटा? म्हणून वाळल्यावर कडक होणारा गोंद घ्यावा: पाण्यात कालवायची युरिया-फॉर्मलडिहाइडची पूड किंवा एपॉक्सी.

सरसाचा हा दोष जुना पापुद्रा काढताना मात्र उपयोगी पडतो. ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवा, खाली पातळ पटाशी सरकवा. तो अलगद उठतो. मग फळी खरवडून, खड्डे भरून सपाट करावी. नवा पापुद्रा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. गाठीच्या अक्रोडाचा असेल तर तो पापडासारखा वाकडा येतो. त्याला किंचित ओलावून दोन फळ्यांत दाबावे आणि पुरता वाळू द्यावे.

शिक्षकमंडळींना एक गंमत सांगतो. घडी घातलेल्या कागदात शाईचा थेंब दाबला, की दोन्हीकडे सारखी नक्षी उमटते ना? एकावर एक कापलेले दोन पापुद्रे पुस्तकासारखे उघडून शेजारी लावले, की लाकडाच्या रेषांचीही तशीच जोडी जुळते.

फळीच्या मागच्या अंगालाही साधा पापुद्रा लावावा, बरं का. एकाच बाजूला लावला तर फळी धनुकलीसारखी वाकते. गोंद पातळ पसरून सपाट पाट ठेवावा, शिकंजे आवळावेत आणि रात्रभर हात लावू नये. घड्याळांची भोके दुसऱ्या दिवशी वरच्या बाजूने धारदार सुरीने कापावीत. कानस वरून आत चालवावी. आतून बाहेर ओढली की कड उचकटते. पॉलिश-कागद हलक्या हाताने फिरवावा. एवढ्या पातळ थरात खालची फळी उघडी पडायला किती वेळ लागतो! शेवटी लॅकरचे पातळ हात द्यावेत, एक पुरता वाळल्यावर दुसरा. दमट हवेत लॅकर पांढुरके पडते, म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढावे. थर पक्का वाळला, की मग घड्याळे बसवावीत.