भिंत गुळगुळीत, पण पाणी कोणतं?

नव्या घरात शिरलं की माणूस आधी भिंतीवरून हात फिरवतो. हात कुठं अडला नाही, की गवंड्याचं कौतुक! पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात भिंतीची खरी परीक्षा पावसाळ्यानंतर होते.

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कित्येक गावांत विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. तेच पाणी मालात कालवलं, त्यानंच भिंत भिजवली, की मीठ भिंतीतच मुरतं. पुढे ओल वर आली, की मीठही तिच्यासोबत वर येतं. पाणी उडून जातं, मीठ उरतं, फुगतं आणि रंगाचे पापुद्रे निघतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. वरून कितीही महागडी पुट्टी लावा, लोणा तिलाही सोडत नाही.

आता फिनिशिंगचं. जुना, स्वस्त मार्ग नीरूचा. सिमेंटचा गिलावा ओला असतानाच चुन्याचा हा पातळ थर गुरमाळ्यानं घोटतात. गवंड्याचा हात बसलेला हवा आणि नंतर पाणी मारण्यात आळस नको. दुसरा जिप्समचा. तो थेट विटेवर बसतो, अर्ध्या तासाच्या आसपास घट्ट होतो आणि त्याला पाणी मारावं लागत नाही. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावाला ही मोठीच सोय. पण जिप्समचं ओलीशी वैर. न्हाणीघर, बाहेरची भिंत, जोत्यालगतचा ओलसर भाग इथं तो नकोच. तिसरी पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. वाळलेल्या गिलाव्यावर तिचे दोन पातळ हात पुरतात. वाकडी भिंत सरळ करणं मात्र तिचं काम नव्हे. ते ओळंब्यानं आणि पाट्यानं गिलाव्यातच व्हायला हवं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. जोत्यावर ओल अडवणारा थर घाला. वाळू खारी नाही ना, बघा. बांधकामाचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तेवढं जमत नसेल, तर काळ्या ताटलीत थोडं पाणी उन्हात आटू द्या. पांढरी साय जाड उरली, तर मालासाठी गोडं पाणी आणा. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारा, मग भिंत पुरती वाळू द्या. रंगाऱ्याला त्यानंतरच बोलवा. वास्तुशांतीची तारीख चार आठवडे पुढं गेली तरी चालेल.