घरांत कोणते सूर असावेत?

चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांतून जें संगीत आपल्या कानीं पडतें, त्यांतलें कोणतें आपल्या रोजच्या घरांत नांदूं शकतें, या विषयावर मी आज चार शब्द बोलणार आहें. प्रारंभींच सांगून टाकतें, कीं मी संगीतज्ञ नव्हे. भूप आणि देसकार यांत माझी अजून गल्लत होते. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरीं या एका प्रश्नावर जितका खल झाला, तितका मुलाच्या शिक्षणावरहि झाला नव्हता. आणि त्याचें कारण असें, कीं माझ्या सासूबाईंची दृष्टि गेली.

आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरसे गांवीं राहतों. सासूबाईंनीं वयाचीं ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. त्या प्राथमिक शाळेंत शिक्षिका होत्या. नोकरीचीं पहिलीं वर्षें त्यांनीं पेण तालुक्यांतील डोंगराकडेच्या एका शाळेंत काढलीं, मग बदली होऊन त्या इकडे आल्या. काचबिंदूनें दोन्ही डोळे हळूहळू अधू झाले आणि दोन वर्षांपूर्वीं उजेड आणि अंधार एवढाच काय तो भेद त्यांना उरला. वाचनाचें व्यसन असलेल्या बाईंनीं दिवस घालवावा तरी कसा? पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलानें यावर तोडगा काढला. तो एक लहानसा स्पीकर घेऊन आला आणि मोबाईलवर त्यानें आजीसाठीं दोनशेंहून अधिक चिजांची यादी लावून दिली. जुनीं मराठी चित्रपटगीतें, हिंदी गीतें, मालिकांचीं शीर्षकगीतें, नुसतें पार्श्वसंगीतहि. सकाळीं सहाला जें सुरू होई तें रात्रीं नवाला थांबे. केवढी सोय झाली, असें आम्हांला वाटे. सासूबाई कांहीं बोलत नसत, आणि त्यांचें न बोलणें आम्ही समाधानाचें लक्षण मानलें.

आठव्या कीं नवव्या दिवशींची गोष्ट. दुपारच्या वेळीं माझे यजमान चहाचा पेला घेऊन त्यांच्याजवळ गेले. "आई, चहा" असें ते म्हणालेहि. पण स्पीकरवर व्हायोलिनांचा ताफा भरांत होता, त्यांत ना त्यांचीं पाउलें ऐकूं आलीं, ना त्यांचा शब्द. हाताला एकाएकीं कांहीं कढत लागलें तशा सासूबाई दचकल्या आणि सगळा चहा त्यांच्या मनगटावर सांडला. भाजलें फारसें नाहीं. परंतु मी थंड पाण्याची पट्टी ठेवीत असतां त्या जें बोलल्या तें अद्याप माझ्या कानांत आहे. "अगं, डोळे गेले ते गेले. आतां कानहि काढून घेतां का माझे? घरांत कोण आलं, कोण गेलं, फोडणी पडली कीं नाहीं, तूं रागावली आहेस कीं काय, हें सगळं मला ऐकूनच कळतं. तुमचं हें गाणं भिंतीसारखं मधें उभं राहतं."

त्या दिवशीं स्पीकर बंद झाला. माझा मुलगा फोनवर थोडा रडवेला झाला, कारण त्यानें तें सारें प्रेमानेंच केलें होतें.

मला त्या रात्रीं 'कुंकू' आठवला. प्रभात कंपनीचा हा बोलपट १९३७ सालचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे यांचें. त्यांत गाणीं आहेत, आणि चांगलीं आहेत. पण प्रसंगाच्या मागें अदृश्य वाद्यवृंद वाजविण्याची जी रीत आज आपण गृहीत धरतों ती तेथें मुळींच पाळलेली नाहीं. जें ऐकूं येतें तें त्या घरांतलेंच: भिंतीवरचें घड्याळ, पाउलें, ग्रामोफोनची तबकडी. वयस्क नवऱ्याच्या गळ्यांत बांधलेली ती नीरा त्या घरांत कशी कोंडली गेली आहे, हें आपल्याला त्या आवाजांवरूनच कळतें. बोलपट येऊन पांचसहाच वर्षें झालीं असतां, वाद्यांचा मोह सर्वांना नवा असतां, हें त्या मंडळींना सुचलें! घराला स्वतःचें एक पार्श्वसंगीत असतें आणि तें बुजवून चालत नाहीं, हें शांतारामबापूंना जें ठाऊक होतें तें आम्हांला एका भाजलेल्या मनगटावरून शिकावें लागलें.

मग चित्रपटाचें संगीत घरांत असूंच नये काय? तसें सासूबाईंचेंहि म्हणणें नव्हतें. त्यांचें बालपण अशा काळांतलें, कीं गाणें ऐकणें ही वाट पाहण्याची गोष्ट होती. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. लोकांनीं रेडिओचा कांटा सिलोनकडे फिरविला. बुधवारीं रात्रीं शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून अमीन सायानींची गीतमाला कशी ऐकली, हें सासूबाई अजून रंगवून सांगतात. पुढें ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू झाली आणि तो रुसवा संपला. केसकरांच्या धोरणाचें समर्थन मी करणार नाहीं. लोकांच्या आवडीला मंत्र्यानें कुलूप घालूं नये. मात्र त्या टंचाईनें एका पिढीला ऐकतांना स्वस्थ बसण्याची संवय लावली, हेंहि खरें.

तेव्हां एका रविवारीं आम्ही तिघें ती दोनशेंची यादी घेऊन निवडावयास बसलों. तांदूळ निवडतात तसें. सासूबाईंनीं नियम घालून दिला: एका वेळीं एकच, आणि तें संपलें कीं बंद. या एका नियमानें निम्मी यादी आपोआप गळाली. पुष्कळशीं जुनीं गाणीं तबकडीच्या एका बाजूवर, म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटांत, बसावीं अशा बेतानें रचलेलीं असत. क्षणभरहि जागा रिकामी ठेवावयाची नाहीं, गायिका श्वास घेते तोंच बांसरी पुढें, बांसरी थांबते तोंच सतार. एकटें ऐकलें तर त्यांत कारागिरी दिसते. एकामागून एक वीस ऐकलीं तर जत्रेंत हरवल्यासारखें होतें. पार्श्वसंगीताची अडचण उलट. तें प्रसंगाच्या लांबीवर कापलेलें असतें. प्रसंग काढून घेतला कीं भिंत पडून नुसती चौकट उभी राहावी तसें तें दिसतें.

जें टिकलें त्यांत पहिली, 'दो आंखें बारह हाथ' मधील प्रार्थना. १९५७ सालचा हा चित्रपट औंध संस्थानांतील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर आधारलेला आहे. कथा गदिमांची, दिग्दर्शन शांतारामांचें, शब्द भरत व्यासांचे, चाल वसंत देसाई यांची आणि गळा लताबाईंचा. वसंतराव देसाई मूळचे दक्षिण कोंकणांतले. प्रभातच्या दारांत पोरवयांत शिरले आणि पडेल तें काम करीत शिकले. सासूबाईंनीं ती प्रार्थना प्रथम ऐकली ती शाळेच्या पटांगणावर, मुलांच्या तोंडून. कित्येक वर्षें त्या ती मुलांकडून म्हणवून घेत होत्या, आणि ती चित्रपटांतली आहे, कैद्यांसाठीं रचलेली आहे, हें त्यांच्या गांवींहि नव्हतें! 'गुड्डी' या १९७१ च्या चित्रपटांतली दुसरी एक प्रार्थना अशीच शाळाशाळांतून पसरली. तिचे शब्द गुलजारांचे, आवाज वाणी जयराम यांचा, आणि चाल पुन्हा वसंत देसाईंचीच. एका माणसाच्या दोन चाली देशांतलीं लहान मुलें रोज सकाळीं गातात आणि त्याचें नांव त्यांना ठाऊक नसतें. यांतली मेख अशी, कीं या दोन्ही चाली न गाणाऱ्यालाहि गातां याव्यात अशा आहेत. स्वर फार उंच जात नाहींत, पल्ले लहान आहेत, एक चुकला तरी शंभर जण त्याला सांवरून घेतात. पहांटे सहाला ही प्रार्थना लागते. सासूबाई बरोबर म्हणतात. घरांतले इतर आवाज त्या वेळीं निजलेलेच असतात.

मालिकांच्या सुरावटींबद्दल फार बोलत नाहीं. त्यांचा धर्मच निराळा. स्वयंपाकघरांत गुंतलेल्या बाईला "चल, सुरू झालें" अशी हांक मारण्यासाठीं त्या जन्मल्या. एल्. वैद्यनाथन यांची 'मालगुडी डेज' ची धून, १९८६ सालची, हें काम अवघ्या एका गुणगुणण्यानें करते. ती आम्ही ठेवली. अशोक पत्की यांनीं 'गोट्या' साठीं आणि १९९९ मध्यें 'आभाळमाया' साठीं केलेलीं शीर्षकगीतेंहि ठेवलीं. पत्की हे जाहिरातींच्या चाली बांधण्यांत मुरलेले. मिनिटाभरांत सगळें सांगून बाजूला होण्याची कला त्यांना साधली आहे. 'महाभारता' चा शंख मात्र आम्ही काढून टाकला. ओट्याशीं दूध तापत असतां कुरुक्षेत्र सुरू झालें कीं दूध उतूं जातेंच, हा माझा दोनदां घेतलेला अनुभव आहे.

खरा वाद झाला तो 'जैत रे जैत' वरून. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांनीं १९७७ सालीं केलेला चित्रपट, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचें संगीत. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांची ही कथा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यांतली. यजमानांना ती गाणीं प्राणप्रिय. तीं रोज सायंकाळीं लावावीं असा त्यांचा आग्रह. सासूबाई म्हणाल्या, "रोज नको." त्यांनीं शाळेच्या त्या पहिल्या वर्षांत ठाकरवाडींतला ढोल अंगणांत उभें राहून ऐकलेला. तो संध्याकाळीं सुरू झाला तर पहांटेपर्यंत चाले, डोंगराच्या या अंगाचा त्या अंगाला ऐकूं जाई. चित्रपटांतलें बोलणें आपल्याकडच्या ठाकरांचें नव्हे, असेंहि त्यांनीं बजावलें. आणि महानोर अजिंठ्याच्या बाजूचे, त्यांच्या शब्दांत त्यांच्या रानाचा वास येणारच. यजमान चिडले. "मग आवडत नाहीं असं म्हण ना!" "आवडतं रे," त्या म्हणाल्या, "म्हणूनच म्हणतें. नाग्यानं ढोल वाजवायचा आणि आपण भाजी चिरायची, हें बरं दिसत नाहीं." त्यांचें म्हणणें मला पटलें. हृदयनाथांनीं त्या गाण्यांत ढोल नुसता तालासाठीं ठेवलेला नाहीं, तो नाग्याचा जीवच आहे. त्याकडे पाठ करून बसतां येत नाहीं. पण एक कबूल केलें पाहिजे, कीं त्या वाडींतला ढोल कोणी तबकडीवर उतरवून ठेवला नाहीं. सासूबाईंच्या कानांत तो आहे. आमच्यासाठीं हृदयनाथांचाच उरणार आहे. यजमानांनीं हें बोलून दाखविलें तेव्हां त्या कांहीं वेळ गप्प बसल्या, आणि मग रविवार ठरला.

एक चीज आम्ही निवडली नाहीं, तरी तिच्याविषयीं सांगावयास हवें. 'पथेर पांचाली', १९५५ सालचा सत्यजित राय यांचा पहिला चित्रपट. त्याचें संगीत पंडित रविशंकर यांनीं सुमारें अकरा तासांच्या एकाच बैठकींत केलें. त्यांत एक प्रसंग आहे. मुलगी वारली आहे. परगांवाहून परतलेला बाप हौसेनें तिच्यासाठीं आणलेली साडी दाखवतो, आणि आईला आतां रडें आवरत नाहीं. त्या ठिकाणीं आईचा आक्रोश आपल्याला ऐकूं येत नाहीं. त्याच्या जागीं तारशहनाई वाजते, पटदीप रागांत. माझ्या मुलानें तो तुकडा यादींत घातला होता. सासूबाईंनीं हा चित्रपट कधीं पाहिलेला नाहीं, त्याची गोष्टहि त्यांना माहीत नव्हती. निवडानिवडीच्या भरांत यजमानांनीं तो लावला आणि आम्ही पुढच्या नांवाकडे वळलों होतों, तोंच त्यांनीं हात वर करून आम्हांला थांबविलें. संपल्यावर हळूच विचारलें, "कोण गेलं तिचं?"

माझ्यानें लगेच उत्तर देववेना. सासूबाईंची एक मुलगी लहानपणींच गेली. आमच्या घरांत तिच्याविषयीं बोलण्याची रीत नाहीं. त्या दिवशीं त्या बोलल्या. तिचे केस कसे होते, ती काय म्हणे, बराच वेळ. यजमानांना आपल्या धाकट्या बहिणीविषयीं यांतलें बरेंचसें प्रथमच कळलें.

तो तुकडा आम्ही यादींतून काढला, पण मोबाईलमधून पुसला नाहीं.

असो. दोनशेंतून आतां अकरा उरल्या आहेत. दुपारीं कांहीं लागत नाहीं, दिवेलागणीलाहि नाहीं. त्या वेळीं सासूबाई पडवींत बसतात. रोहा स्थानकांत शिरणारी गाडी, फाटकाची कडी, माझी विळी, यांचा हिशेब त्यांच्याजवळ असतो. आणि पावसाळ्यांत कुंडलिकेच्या बाजूनें सर यावयाची असली, तर वाळत घातलेले कपडे काढण्याची सूचना आम्हांला त्यांच्याकडूनच मिळते. रविवारीं संध्याकाळीं मात्र पडवींत सतरंजी पसरतों, विळी आंत ठेवतों आणि नाग्याचा ढोल लावतों. सासूबाई ठेका धरतात. त्या म्हणतात, मधें एक ठोका कमी आहे. वाडींत तो असे.