चोख माप व उघडी वही
(ता. २४ डिसेंबर, राष्ट्रीय ग्राहक दिनीं शाळेच्या पटांगणांत गांवच्या शिक्षकांनीं केलेलें भाषण)



वाईट दुकानदाराला नांवें ठेवण्यास कोणाला शिकवावें लागत नाहीं. चांगल्याला चांगलें म्हणतांना मात्र आपली जीभ अडखळते. म्हणून आज आपल्या गांवच्या किराणा दुकानाबद्दल चार शब्द बोलणार आहें.

शाळेंतलें लहान पोर अर्धा किलो साखर आणावयास गेलें, तरी त्याला थोरामोठ्यांइतकेंच माप मिळतें. पोर पाहून कोणी किडकी डाळ त्याच्या गळ्यांत मारीत नाहीं. उरलेले पैसे हातावर मोजून देऊन "घरीं आईला मोजून दाखव, बाळा," असें त्याला सांगतात. काट्यावर आधीं शून्य दिसतें, मग माल पडतो. पुड्यावर छापलेल्या किमतीहून एक पैसाही जास्त घेत नाहींत, आणि मुदत संपलेला पुडा गिऱ्हाइकानें दाखविण्याआधींच फळीवरून खालीं येतो.

पण सर्वांत मोठी गोष्ट उधारीच्या वहीची. निरक्षर म्हातारी आली, तर "आजी, तेलाचे इतके, गुळाचे इतके, आजपर्यंतची बाकी इतकी," असें मोठ्यानें वाचून दाखवितात, आणि तोच आंकडा तिच्या जवळच्या छोट्या वहींतही लिहून देतात.

मित्रहो, ही गोष्ट लहान समजूं नका. वही एकाच्याच हातीं व अक्षरओळखही त्यालाच, अशा स्थितींत आपले वाडवडील नागवले गेले. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, तें याच जाचामुळें. पुढें १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें ऋणकोला लेखी पावती, वर्षाचा हिशेब व स्वतःजवळची हिशेबवही मागण्याचा हक्क दिला. जें मिळविण्यास एवढें रण माजवावें लागलें, तें हा दुकानदार न मागतां देतो!

१९८६ सालीं आजच्याच तारखेस ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली; त्याच्या जागीं आतां २०१९ चा कायदा आहे. कायदा हवाच. पण तो फसवणूक झाल्यावर उपयोगी पडतो. चोख दुकानदार ती होऊंच देत नाहीं.

आतां आपलें वर्तन पाहूं. हातांत रोकड आली कीं आपण तालुक्याच्या मोठ्या दुकानीं धांवतों, आणि खिसा रिकामा झाला कीं उधारीसाठीं गांवांतल्या दुकानाची पायरी चढतों. सुगी झाली तरी मागली बाकी तशीच! असें चाललें, तर हें दुकान किती दिवस उघडें राहील? आणि तें बंद पडलें, तर त्या म्हातारीला वही कोण वाचून दाखवील?

म्हणून माझें सांगणें इतकेंच: बाकी वेळेवर द्या. घरची वही मुलामुलींकडून दर आठवड्याला वाचवून घ्या. आणि माप चोख मिळालें, तर चार माणसांदेखत तसें बोला.