दहा लाख माणसं गेली कुठं?

(धाराशिव इथल्या युवक शिबिरातलं भाषण, थोडं संपादित करून.)



मी इतिहासकार नाही, लोकसंख्याशास्त्रही शिकलेलो नाही. इंजिनियरिंग केलं आणि गेली काही वर्षं पुण्यात दुसऱ्यांच्या डेटामधल्या चुका शोधून पोट भरतो. त्यामुळे ‘आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या’ हा विषय मिळाल्यावर मी कामावर जे करतो तेच केलं. जनगणनेचे आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि आलेख काढला.

आलेखात पहिल्याच नजरेला एक मोठा खड्डा दिसला. १९८१ ला उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या साधारण २२ लाख आणि १९९१ ला १२ लाख ७६ हजार. दहा वर्षांत जवळजवळ दहा लाख माणसं गायब! त्या दहा वर्षांत ना युद्ध झालं, ना महामारी आली. मग ही माणसं गेली कुठं?

इथल्या वडीलधाऱ्यांना उत्तर माहीत आहे, ते हसतायत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले. माणसं जागेवरच होती, रेघ हलली. आणि त्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तीन तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातून आपल्याकडे आलेले. म्हणजे १९५१ ते ६१ मधली आपली वाढसुद्धा काही प्रमाणात कागदावरचीच. त्या दशकात इथल्या बायकांनी अचानक जास्त मुलं जन्माला घातली नव्हती.

हे मी एवढं रंगवून सांगतोय, कारण आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक आलेख फिरत असतो. तुम्ही पाहिलाय तो. दोन रेघा असतात, एक हिरवी, एक भगवी. हिरवी वर चाललेली असते आणि खाली कुठलं तरी भयानक साल लिहिलेलं असतं. आपल्यातले काही जण तो पाहून घाबरतात. काही जण, हेही कबूल करूया, मनातल्या मनात खूश होतात. रेघ वर का गेली हे दोघंही विचारत नाहीत.

लोकसंख्येचा आकडा बदलायला पाच कारणं असतात. माणसं जन्मतात, मरतात, येतात, जातात, आणि पाचवं म्हणजे मोजणाऱ्याची रेघ हलते किंवा मोजणारा पोचतच नाही. आपण भांडतो फक्त पहिल्यावर.

मरण्याचं घ्या. १८९१ ला या जिल्ह्यात साडेसहा लाखांच्या आसपास लोक होते. तेव्हा जिल्ह्याला नळदुर्ग म्हणत. पुढे उस्मानाबाद झाला, आता धाराशिव. (एकाच गोष्टीची तीन नावं म्हणजे डेटावाल्याला डोकेदुखी, पण ते असो.) १९०१ ला उरले सुमारे ५ लाख ३५ हजार. हा खड्डा मात्र कागदावरचा नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. काही लोक मेले, काही गाव सोडून गेले. कोण किती, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. पुढे १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो त्याची लोकसंख्या १९११ ला १ कोटी ३३ लाख होती, १९२१ ला १ कोटी २४ लाख. दहा वर्षं पोरं जन्मत होती आणि तरीही नऊ लाख कमी. भारतात लोकसंख्या सतत वाढायला लागली ती १९२१ नंतर. तोवर मरण अधूनमधून जन्मावर मात करत होतं.

आता १९४८. आपल्या घरांत या विषयावर हळू आवाजात बोलतात, मी थोडं मोठ्यानं बोलतो. आधी रझाकारांनी या भागातल्या गावांमध्ये जे केलं ते केलं. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. तो अत्याचार नाकारणाऱ्यांमध्ये मी नाही, तुम्हीही नसावं. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आल्या, पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. त्यानंतर जे झालं त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती भारत सरकारच्याच सांगण्यावरून फिरली. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे समितीनं सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८ हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज, आणि संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार. लातूर शहरात सुमारे दहा हजार मुसलमान होते, समिती गेली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराच्या वर मारले गेले, बाकीचे पळाले. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याच्या घटनाही त्याच अहवालात आहेत. सरकारनं तो अहवाल अनेक दशकं प्रसिद्ध केला नाही.

फोनवरच्या आलेखात १९४८ दिसत नाही. जनगणना १९४१ ला झाली आणि १९५१ ला झाली. मधलं सगळं दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या सरळ रेघेखाली दबून गेलं. लातूर सोडून गेलेलं घर हैदराबादेत मोजलं गेलं असेल, तर तिथं ती ‘वाढ’ झाली.

किल्लारीचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि लातूरमधलं किल्लारी, दोन्ही मातीला मिळाली. दोन्ही जिल्हे मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. पण १९९१ ते २००१ या दशकात आपला जिल्हा साडेसोळा टक्क्यांनी वाढलेलाच दिसतो.

आता अलीकडचं. २०११ ला आपण १६ लाख ५७ हजार ५७६. दहा वर्षांतली वाढ साडेअकरा टक्के. महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला, शेजारचा लातूर १८ टक्क्यांनी, पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी. पुणेकरांना आपल्यापेक्षा तिप्पट मुलं होतात का? तिथं आपण गेलोय. या सभागृहात ज्यांचा भाऊ, चुलता किंवा मेहुणा पुण्यात आहे त्यांनी हात वर करा. बघा. पुण्याच्या ३० टक्क्यांत आणि आपल्या साडेअकरात हेच हात आहेत.

आणि ऊसतोडीला जाणारे? भूम, वाशी, कळंबकडच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन निघतात, परततात मार्च-एप्रिलला. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नसेल त्याला, तो जिथं असेल तिथं मोजायचं, असा नियम. म्हणजे कारखान्याच्या तळावर, कोपीत. प्रगणक त्या कोपीपर्यंत पोचला तर ठीक. नाही पोचला तर तो माणूस गावातही नाही आणि तळावरही नाही. पुढची जनगणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे.

मग जन्माचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ ला देशातल्या मुसलमान बाईला सरासरी ४.४ मुलं होती, हिंदू बाईला ३.३. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २.३६ आणि १.९४. अंतर १.१ चं होतं, ०.४ वर आलं. अजून अंतर आहे, ते नाकारू नका. पण त्याच सर्वेक्षणात शाळा न पाहिलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्या बाईला १.८, हे अंतर धर्माच्या अंतराच्या दुपटीहून मोठं आहे. तेव्हा काळजी करायचीच असेल तर नववीतून काढून घेतलेल्या मुलीची करा. ती आपल्या गल्लीत आहे, तिच्या अब्बांना आपण ओळखतो.

दुसरा एक आकडा आहे, त्यावर कुणी मेसेज पाठवत नाही. २०११ ला आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलग्यांमागे मुली नऊशेच्याही खाली होत्या. जिल्ह्यात मुसलमान साधारण अकरा टक्के. हा आकडा सगळ्यांचा आहे, सगळ्यांनी मिळून केलाय.

एक घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो. २०११ ला मी पुण्यात चार मुलांसोबत एका खोलीत राहत होतो. दिवसभर कुलूप. मोजायला कुणी आलं असेल तर कुलूप बघून गेलं. इकडे उमरग्याला गुरुजी आले. दादीनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि माझं नाव घरात लिहायला लावलं. अम्मी म्हणाली, तो तर पुण्यात आहे. दादी म्हणाली, “कपडे धोने कू तो घरीच आता ना? लिखो.” नियमानं ती चूक होती. पण त्या चुकीमुळेच मी भारतात एकदा तरी मोजला गेलो.

मग गुरुजींनी दादीचं वय विचारलं. तिला जन्मसाल माहीत नव्हतं. ती म्हणाली, “पोलीस ॲक्शन के वक्त मैं दस बरस की थी.” म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तर. गुरुजींनी ७५ लिहिलं. मोजणीत असं खूप होतं, शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांची माणसं नेहमी जास्त निघतात.

दादी आता नाही. २०२७ ला प्रगणक येईल तेव्हा वय, मातृभाषा, आणि या खेपेला जातही विचारेल. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, जे असाल ते सांगा. मातृभाषा उर्दू सांगितलीत तर मराठी येते हेही सांगा, त्यासाठी वेगळा प्रश्न असतो. मी पुण्यातल्या माझ्या घरी त्या दिवसांत थांबणार आहे. आणि अम्मीला बजावून ठेवलंय की या वेळी माझं नाव तिकडे लिहायचं नाही. ती म्हणाली, बघू.