गाडीवरचा माणूस
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



गणपतीच्या मांडवात बैलगाडी शर्यतीचा विषय काढला म्हणून काहींना नवल वाटले असेल. पण बेळगाव, चिक्कोडी, निपाणीकडे यात्रा म्हटली की शर्यत आलीच. इकडची जोडी कागल-गडहिंग्लजला पळते, तिकडची इकडे येते. सीमेचा वाद बैलांना ठाऊक नाही.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. २०१७ साली कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोघांनीही कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्रात गाड्या पळायला मात्र १६ डिसेंबर २०२१ उजाडला. अखेर १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडूसह तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या नऊ वर्षांत बैलाच्या शेपटीपासून चाबकापर्यंत सगळ्याचा खल झाला. तो व्हायलाच हवा होता. गाडीवर बसणाऱ्या पोराच्या डोक्याची चर्चा मात्र आमच्या कानावर फारशी आली नाही. तो गेला की आपण म्हणतो, नशीब.

अमेरिकेतही असेच म्हणत. तिथे स्टॉक कार नावाच्या मोटारींच्या शर्यती आपल्या यात्रेइतक्याच लोकप्रिय आहेत. दिसायला बाजारातली मोटार, आतून शर्यतीसाठी बांधलेली. २००० साली या शर्यतींच्या धावपट्ट्यांवर तीन चालक गेले. त्यांतला ॲडम पेटी अवघा १९ वर्षांचा, चार पिढ्या शर्यतीत असलेल्या घरातला. पुढे १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला. सात वेळचा अजिंक्य चालक! पाहणाऱ्यांना धडक तितकी भयंकर वाटलीही नव्हती.

अशा धडकेत धड पट्ट्यांनी जागच्या जागी राहते, डोके पुढे झेपावते आणि कवटीच्या तळाचे हाड मोडते. डोके आवरून धरणारे साधन रॉबर्ट हबर्ड हे प्राध्यापक आणि त्यांचे शर्यतपटू मेहुणे जिम डाउनिंग यांनी ऐंशीच्या दशकातच तयार केले होते. अडचण होते म्हणून बरेच चालक ते घालत नसत. ऑक्टोबर २००१ मध्ये मुख्य शर्यतींत अशा साधनाची सक्ती झाली. २००२ पासून काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी नळ्या आणि फोमचा धक्का झेलणारा कठडा येऊ लागला. अर्नहार्टनंतर तिथल्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही.

त्यांचे सगळे आपल्याला लागू नाही. आपल्या गाडीवानाला पट्टा नकोच. गाडी उलटली तर तो सुटून बाजूला पडलेला बरा. पण पडल्यावर काय होते ते बघा. रस्त्यावरच्या शर्यतीत दोन्ही अंगांनी हॉर्न वाजवत मोटारसायकली पळत असतात. खाली पडलेल्या माणसावर पहिली येते ती त्यांचीच चाके. अंतिम रेषेजवळ तर लोक गाडीच्या वाटेतच उभे असतात, कडेवर मुले घेऊन. दोर बांधायचा तो या गर्दीला. मोटारसायकली तर शर्यतीत हव्यातच कशाला?

आणि हेल्मेट. फेट्याची शान जाते, असे आम्हाला एका यात्रेत ऐकवले गेले. फेटा बक्षीस घेताना बांधावा की!

यंदाच्या वर्गणीतून मंडळ दहा हेल्मेट घेऊन ठेवणार आहे. ज्या यात्रा कमिटीला हवी असतील, तिने नोंदणीच्या आदल्या दिवशी न्यावीत आणि शर्यत झाली की परत आणून द्यावीत. भाडे नाही.