परदेशातील बाजार आणि आपली मुले



या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझी शाळा सातवीत सुटली. त्या वर्षी, म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर काम करणारे माझे वडील वळकटी घेऊन गावी आले. पुढचे माझे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. तेव्हा परदेशावर बोलण्याचा अधिकार या गृहस्थाला कोणी दिला, असे आपण विचाराल. तो माझ्या धाकट्या बहिणीने दिला. ती आणि भावोजी दुबईत नोकरीला आहेत. २०२३ च्या जुलै-ऑगस्टात मुलांच्या शाळेला सुट्टी आणि आईबाप दोघेही कामावर, म्हणून मुलांना सांभाळायला मामाला बोलावणे आले. भाची नऊ वर्षांची, भाचा सहाचा.

पहिल्याच सकाळी मी म्हटले, "चला रे, बाहेर पाय मोकळे करून येऊ." दोघेही हसू लागली. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या घरात! १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घेण्यास तिथे कायद्यानेच मनाई आहे. मग मुलांनी जायचे कुठे? तर मॉलमध्ये.

खरे सांगतो, मी इथून निघताना मॉलच्या विरुद्ध एक भाषण मनात जुळवून नेले होते. ते तिसऱ्या दिवशी टाकून द्यावे लागले. पोरे मोकळी धावतात, म्हातारी माणसे सकाळच्या थंडाव्यात फेऱ्या मारतात, संडास स्वच्छ, आणि काही घेतले नाही म्हणून कोणी हटकत नाही. २००५ साली उघडलेल्या मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये तर बर्फाची टेकडी केली आहे. बाहेर वाळू भाजत असते आणि आत पोरे कानटोपी घालून घसरत असतात. तिकिटाची किंमत मी रुपयांत करून पाहिली आणि बर्फ काचेबाहेरूनच पाहिला. २००८ च्या दुबई मॉलमध्ये दुकानेच बाराशेवर. आपल्या मुलांना अंगण असते. तिकडच्या मराठी मुलांचे अंगण हेच.

गंमत अशी की, या छपराखालच्या बाजाराची मूळ कल्पनाही अशीच होती. हिटलरच्या भीतीने १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर ग्रुएन नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने १९५६ साली मिनेसोटा राज्यात साउथडेल हा पूर्ण बंदिस्त मॉल उभारला. तिथे थंडीही कडक आणि उन्हाळाही कडक. माणसांना भेटायला, बसायला, गप्पा मारायला व्हिएन्नासारखा एक चौक मिळावा, हा त्याचा हेतू. पुढे व्यापाऱ्यांनी त्याचे जे केले ते पाहून त्याने स्वतःच या अपत्याला नाकारले. असो.

पण मी पडलो युनियनचा माणूस. मॉलमध्ये गेलो की लोक मालाकडे पाहतात, माझी नजर पायांकडे जाते. दुकानातली मुलगी उभी. दारावरचा पहारेकरी उभा. सकाळी दहाला पाहिलेली मुलगी संध्याकाळी सातला पुन्हा गेलो तरी उभीच. एक टाच बुटातून काढून दुसऱ्या पायावर घासत होती. मी मुलांना एक खेळ शिकवला. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या सोडायच्या आणि विकणाऱ्यासाठी खुर्ची आहे का, ते मोजायचे. भाचीने वही केली. घराजवळच्या मॉलमध्ये दुकाने एकवीस, खुर्च्या तीन. भाचा खुर्ची दिसली की ओरडायचा.

आठवड्याने वही बहिणीच्या हाती लागली. मुले झोपल्यावर ती म्हणाली, "दादा, हे यांच्या डोक्यात भरवू नकोस. तू विमानात बसून जाशील. आम्हाला इथे राहायचे आहे." तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिथे कामगार संघटनेला परवानगी नाही, संप बेकायदा, आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. तीस वर्षे गेटवर भाषणे केलेला मी गप्प बसलो. खेळ बंद झाला. त्या मुलांपुढे मी काही चुकीचे केले की नाही, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

पुढच्या जुलैत बहीण मुलांना घेऊन आली. मुंबईत मुलांनी मॉलचाच हट्ट धरला, म्हणून लोअर परळला नेले. १९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या जागेत आता तो मॉल आहे आणि गिरणीची चिमणी अजून उभी आहे. भाचीला ती दाखवून म्हटले, "तुझे आजोबा इथून जवळच्याच गिरणीत होते. तेही उभेच. साच्यावर बसता येत नाही." ती म्हणाली, "मग त्यांनी मागितली का नाही खुर्ची?" मी म्हटले, त्यांच्या आधीच्यांनी दुसरे काही मागितले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारी मुलांना घेऊन मॉलमध्ये जातो तो रविवार हा. आणि त्याच रविवारी मॉलमधल्या मुलीला रजा मागता येत नाही.

खुर्ची मागितली ती केरळातल्या बायकांनी. कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायका; त्यांना विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईने एकत्र केले. आधी भांडण संडासासाठी झाले, मग बसण्यासाठी. भिंतीला टेकले तरी पगार कापत, असे त्या सांगत. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. मला हे भाचीला सांगावेसे वाटत होते. पण बहीण शेजारी होती.

मग आम्ही देवरुखला आलो. पाऊस होता. बाजारात प्लास्टिकच्या आडोशाखाली बायका अळू, भारंगी घेऊन बसलेल्या. भाची छत्रीखालून पाहत राहिली आणि म्हणाली, "मामा, इथे सगळ्या बसल्यात. उभे आपणच." खरेच, आपल्या बाजारात विकणारी बसते आणि घेणारा वाकतो. एवढ्यावर मला आपल्या गावाचा मोठा अभिमान वाटू लागला. तो शंभर पावले टिकला. रस्त्यावरच्या एका नव्या कापडदुकानात शिरलो तर काउंटरमागे आमच्या शेजारच्या वाडीतली मुलगी. आत ग्राहकांसाठी बाक होते, तिच्यासाठी स्टूलही नव्हते. भाची माझ्याकडे पाहू लागली आणि मी छत्री झटकत राहिलो.

आज या सभागृहात दुकानदार मंडळीही बसली आहेत. बसली आहेत, हे मुद्दाम म्हणतो. त्यांतल्या कोणावर राग धरून मी आलेलो नाही; एका स्टुलाला किती पैसे पडतात हे ते माझ्याहून अधिक जाणतात. बहीण येत्या जुलैत पुन्हा यायची आहे. परवा फोनवर भाचीने विचारले, देवरुखात दुकाने किती. मी विचारले, कशाला. तर म्हणाली, आईने या वेळी वही बॅगेत घालू दिली आहे.